स्वयंपाकघरातला फोटो

शेजारच्या बाईंच्या घरात दोन फोटो होते. एक बैठकीच्या खोलीत, उंच फळीवर, उदबत्त्यांच्या वाडग्यामागे. तो त्यांच्या नवऱ्याचा. दुसरा स्वयंपाकघरात, भाताच्या कुकरच्या वर खिळ्याला लटकवलेला: सतरा-अठरा वर्षांचा एक मुलगा, केस कपाळावर आलेले, कॅमेऱ्याकडे थोडा वैतागून बघणारा. वाफेमुळे त्याच्या काचेवर सारखं धुकं धरायचं आणि बाई येता-जाता ते ॲप्रनच्या टोकाने पुसायच्या. मला कितीतरी दिवस वाटत होतं की हा नातू असेल.

कॉव्हेंट्रीत आमच्या रांगेतल्या घरांना मधे एकच भिंत होती. भिंतीपलीकडून शिलाई मशीनचा आवाज यायचा. हे लोक व्हिएतनामचे, हायफाँगकडचे, होडीने हाँगकाँगला पोचून तिथल्या कॅम्पमधून इकडे आलेले, आणि बाई घरी बसून कुठल्याशा कारखान्याचे शर्ट शिवतात, एवढंच मला अनेक वर्षं माहीत होतं. मी कॉलेजच्या लायब्ररीत कामाला. घरी आलो की पुन्हा पुस्तकातच. माझ्या बायकोचं मात्र त्यांच्याशी कुंपणावरून येणं-जाणं होतं. ही त्यांना कोथिंबीर द्यायची, त्या हिला पुदिन्यासारखा एक जांभळट पाला द्यायच्या. दोघींचं इंग्रजी बेताचंच, पण पाल्यासाठी ते पुरत असे.

ही गेली तेव्हा नवं शतक लागून तीन-चार वर्षं झाली होती. दहाव्या दिवशी मुलाने बागेच्या भिंतीवर भाताचा गोळा ठेवला. कावळा फिरकला नाही. एक लठ्ठ कबूतर आलं आणि निवांत खाऊन गेलं. मुलगा म्हणाला, "बाबा, चालेल ना हे?" मी म्हणालो, चालेल. मग तो बेसिंगस्टोकला त्याच्या ऑफिसात परत गेला आणि मी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायलाही दमू लागलो.

अशात एका शनिवारी बाई आल्या. सोबत मुलगी होती. ती चष्म्याच्या दुकानात नोकरी करायची, तिशीला टेकलेली, लग्न न केलेली, आणि तिचं इंग्रजी पक्कं इथलं. बाईंच्या हातात संत्री आणि उदबत्त्यांचा पुडा. आधी त्यांनी मला वय विचारलं. मी त्यांच्याहून मोठा निघालो. तेव्हापासून त्या मला थोरल्या भावाला म्हणतात त्या शब्दाने हाक मारू लागल्या. मग त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि काहीतरी विचारलं. मुलगी संकोचली.

"आई विचारतेय, तुमच्या मिसेस कुठे आहेत?"

हिचा फोटो पुस्तकांच्या कपाटात शब्दकोशाला टेकवलेला होता. लेस्टरहून आणलेला चंदनाचा हार पिशवीतच पडून होता. तो घालायला माझा हात उचलत नव्हता. बाईंनी शब्दकोश बाजूला केला, माझ्याकडून एक वाटी मागून घेतली, तांदळांनी भरली आणि त्यात तीन उदबत्त्या खोचल्या.

"त्यांना जेवायला काय देता?"

"मीच नीट जेवत नाही," मी म्हणालो.

मुलीने ते सांगितलं. बाई हसल्या नाहीत. "म्हणजे दोघंही उपाशी," त्या म्हणाल्या, आणि घरी जाऊन पेजेचं पातेलं घेऊन आल्या.

त्यानंतर त्यांच्या नवऱ्याची तिथी आली. तिथीच, आपल्यासारखीच चंद्रावरून धरलेली. मला जेवायला बोलावलं होतं. फळीसमोर टेबल मांडून त्यावर उकडलेली अख्खी कोंबडी, मुगाच्या डाळीचा चिकट भात, बांबूच्या कोंबांचं सूप, आणि उघडलेला बिअरचा कॅन. उदबत्ती संपेपर्यंत कुणी अन्नाला हात लावायचा नाही, कारण तोवर गेलेले जेवताहेत.

"बाबांना बिअर फार आवडायची," मुलगी म्हणाली. "डॉक्टरांनी बंद केली म्हणून आई थेंबभर देत नसे. आता अख्खा कॅन देते. बाबा म्हणत असतील, हे आधी करायचंस."

जेवण झाल्यावर ताटल्या ठेवायला स्वयंपाकघरात गेलो तेव्हा मी तिला त्या दुसऱ्या फोटोबद्दल विचारलं.

"माझा भाऊ. तो आमच्या आधी निघाला, काकाबरोबर, दुसऱ्या होडीने. आम्ही हाँगकाँगला पोचलो तर तिथे त्यांच्यापैकी कुणीच नव्हतं. आई कॅम्पमध्ये येणाऱ्या प्रत्येक होडीला जाऊन उभी राहायची. मी चार वर्षांची होते, मला तो आठवतही नाही. त्याच्या शर्टाची बटणं आठवतात. त्याच्या कडेवर असणार मी."

"मग फोटो इथे का?"

"वर फळीवर कसा ठेवणार? वर मेलेल्यांचे फोटो ठेवतात. जिवंत माणसाचा ठेवला तर तुम्हीच त्याला मारलात."

हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आपल्याकडे जिवंत माणसाच्या फोटोला कुणी चुकून हार घातला तर घरातली बाई तो कशी ओढून काढते, हे मी पाहिलेलं आहे.

दुसऱ्या वर्षी बाईंच्या हृदयाची झडप बिघडली. ऑपरेशनची तारीख मिळाली. तेव्हा एका संध्याकाळी मुलगी कुंपणापाशी आली.

"अंकल, तुम्ही आईशी बोला. तुमचं ऐकेल ती. ऑपरेशनच्या आधी तिने त्याचा फोटो वर ठेवायला हवा. ज्याचा दिवस माहीत नसतो त्याने घर सोडलं तो दिवस धरतात आमच्यात. तिने एकदा केलं की मी बघून शिकेन. आणि ती न करताच गेली तर मग मला ठरवावं लागेल. मी वर ठेवला, तर माझ्या भावाला मी मारलं. नाही ठेवला, तर तो कायमचा उपाशी. मला नकोय हे, अंकल."

मी तिला सर्वपित्री अमावास्येबद्दल सांगितलं. तिथी माहीत नसलेल्यांचंही त्या दिवशी करतात ते.

"एकाच दिवशी सगळ्यांचं? सोयीचं आहे," ती म्हणाली. "पण त्यांनासुद्धा मेलेलं असावं लागतंच ना?"

मी गेलो. मनातून जायचं नव्हतं. स्वतःचंच दुःख उचलवत नसताना दुसऱ्याच्या घरात जाऊन शहाणपण सांगायचं, याचा थकवा मला दारातच आला. बाई कुकरशेजारी स्टुलावर बसून बटणं लावत होत्या. मी जुळवलेली वाक्यं मुलीने सांगितली. त्या ऐकून घेत होत्या, सुई चालू होती. मग त्यांनी दोरा तोडला आणि मला विचारलं,

"तुम्ही बायकोला शेवटचं पाहिलंत?"

"हो."

"हात लावलात?"

"कपाळाला लावला. गार होतं."

"मग तुम्हाला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "मला नाही."

मुलीने हे सांगितलं आणि माझ्याकडे वळली. "अंकल, तुम्ही माझ्या बाजूने बोलायला आलात ना?"

"हो. पण मला पुढे काही सुचत नाहीये."

बाईंनी चहा केला. तो पिऊन मी घरी आलो.

हॉस्पिटलात जायच्या आदल्या दिवशी मी भेटायला गेलो तेव्हा मायलेकींची वादावादी चालू होती. बॅग उघडी पडली होती. मुलगी रडवेली होऊन म्हणाली, "ऐका आता हे. म्हणते, मी परत आले तर फोटो आहे तिथेच राहील. नाही आले तर तिकडे जाऊन स्वतः बघते. तिथे असला तर तुझ्या स्वप्नात येऊन सांगेन, मग वर ठेव. नसला तर त्याला हलवायचं नाही."

मग आईकडे वळून ती आधी त्यांच्या भाषेत आणि नंतर माझ्यासाठी इंग्रजीत म्हणाली, "तू ऑपरेशनला चालली आहेस, चौकशीला नाही."

बाईंनी मोजे गुंडाळून बॅगेत टाकले. "जायचंच आहे तर दोन्ही कामं होऊ देत," त्या म्हणाल्या.

ऑपरेशन नीट झालं. पण मागाहून छातीत इन्फेक्शन झालं आणि बाई घरी आल्या नाहीत. अंत्यविधीला त्यांच्या मुलीने कपाळाला सुतकाची पांढरी पट्टी बांधली होती. त्या दिवशी ती एकदम लहान दिसत होती. नवऱ्याच्या फोटोशेजारी बाईंचा फोटो आला. मुलाचा स्वयंपाकघरातच राहिला. आता काच पुसायचं काम मुलीकडे आलं.

रोज सकाळी कामावर जाताना ती मला कुंपणावरून बघायची आणि नुसती मान हलवायची. म्हणजे स्वप्न पडलं नाही. मीही मान हलवायचो. बरेच महिने आमचं एवढंच बोलणं होतं.

मग एकदा ती थांबली. "आली होती."

"काय म्हणाल्या?"

"भात गिचका करतेस म्हणाली. पाणी जास्त घालतेस."

"आणि भावाचं?"

"मी विचारलं. म्हणाली, आधी भात शीक." ती हसायला लागली आणि हसता हसताच बसस्टॉपकडे गेली.

भावाने घर सोडलेला दिवस आला. बर्मिंगहॅमच्या एका बौद्ध मंदिरात फोन करून तिने तो इंग्रजी कॅलेंडरवर कधी येतो ते विचारून घेतलं होतं. साखरेच्या पाकात शिजवलेलं मांस आणि अंडी तिने केली होती. आई दरवर्षी याच सुमाराला एकदा हे करायची; वर काही ठेवायची नाही, कुणाला काही बोलायची नाही, दोघी मुकाट खायच्या. ते कशासाठी हे तिला आता तारीख लावताना कळलं होतं. मी गेलो तेव्हा ती भरलेली थाळी हातात घेऊन दोन खोल्यांच्या मधल्या दारात उभी होती.

"कुठे ठेवू? वर की इथे?"

जे आठवलं ते बोललो. "आमच्याकडे घरातल्या कुणाला यायला उशीर झाला तर त्याचं ताट वाढून झाकून ठेवतात. बाकीचे जेवून घेतात."

"किती उशीर झाला तर?"

"ते काही ठरलेलं नसतं."

"आणि उदबत्ती?"

"उदबत्ती कशाला? येणाऱ्या माणसाला कुणी उदबत्ती लावत नाही."

तिने थाळी कुकरशेजारी ओट्यावर ठेवली आणि तिच्यावर दुसरी थाळी पालथी घातली. आम्ही जेवलो. तिने दुकानातल्या एका गिऱ्हाइकाची गोष्ट सांगितली, मी ऐकली. उजेड उतरायला लागला तशी ती उठली, झाकण काढलं, सगळं मायक्रोवेव्हमध्ये गरम केलं आणि दोन ताटल्यांत वाटलं. मी मांस खात नाही म्हणून अंडी मला दिली.

"टाकायचं नाही ना हे?" खायला बसल्यावर तिने विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "आमच्याकडे दुसऱ्या दिवशी आईच खायची."