खडे निवडणारे कॅप्टन

भात वाढला की कॅप्टन तो आधी ताटभर पसरायचे आणि बोटाने खडे शोधायचे. पाकिटातल्या बासमतीत खडा कुठून येणार? पण दर रविवारी आमच्याकडे जेवताना ही तपासणी झाल्याशिवाय पहिला घास तोंडात जायचा नाही. अमेरिकन हवाईदलातून निवृत्त झालेले, ऐंशी ओलांडलेले, सहा फूट उंच. अमेरिकेतल्या श्रूजबरीत आमच्या शेजारच्या घरी एकटेच राहायचे.

बोलणं मोजकं. "कसे आहात?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "दार आतून उघडतंय, म्हणजे छान आहे." मी आणि नवरा हसायचो. आम्हाला तो विनोद वाटायचा.

मग माझी आई नागपूरहून सहा महिन्यांसाठी आली. तिने पहिल्याच रविवारी त्यांना भात चिवडताना पाहिलं आणि तिला रागच आला. "मी स्वतः निवडलेत तांदूळ. सांग त्यांना."

मी इंग्रजीत सांगितलं. कॅप्टननी हात थांबवला. आईकडे बघून म्हणाले, "सॉरी, मॅम." आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते सलग बोलले.

व्हिएतनाममध्ये विमान पडलं तेव्हा ते चोवीस वर्षांचे होते. पुढची सहा वर्षं कैदेत गेली. कोठडीत सोबतीला ओहायोचा एक पायलट होता, शेतकऱ्याचा मुलगा. दोरांनी आवळून बांधल्यामुळे त्याचे दोन्ही हात निकामी झाले होते. वाडगाभर भात मिळायचा, तोही खड्यांचा. कॅप्टन आधी खडे काढायचे आणि मग त्याला भरवायचे. दोन वर्षं हे चाललं. नंतर त्याला ताप येऊ लागला, गिळता येईना.

"तो मान फिरवायचा आणि म्हणायचा, तू खा," कॅप्टन म्हणाले. "मी त्याच्या वाटचं खाल्लं. रोज. तो गेला आणि मी जगलो."

हे आईला मराठीत सांगताना मी 'तू खा'पाशी अडले. आई म्हणाली, "राहू दे. समजलं मला."

सुटका झाल्यावर कॅप्टन ओहायोला त्याच्या आईकडे गेले. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून त्यांनी सगळं सांगितलं, त्याच्या वाटचं खाल्ल्याचंही. ती हाकलून देईल अशी त्यांची खात्री होती.

तिने विचारलं, "वाया नाही ना गेलं?"

"नाही, मॅम."

"मग बरं झालं. तिथे कुणाचा तरी मुलगा जेवला."

तेव्हापासून ती जाईपर्यंत त्यांचा प्रत्येक थँक्सगिव्हिंग तिच्याकडेच झाला.

गेल्या ऑक्टोबरमध्ये कॅप्टन गेले. दफन ओहायोत आहे, असा त्यांच्या मुलीचा फोन आला आणि आम्ही दिवसभर ड्राइव्ह करून पोचलो. मक्याच्या शेतांना लागून छोटीशी दफनभूमी होती. मधोमध त्या पायलटच्या आईचा दगड, एका बाजूला तिच्या मुलाचा, दुसऱ्या बाजूला नुकताच खणलेला खड्डा.

"ही जागा तिनेच डॅडसाठी राखून ठेवली होती," मुलगी मला म्हणाली. "ते कायम म्हणायचे, माझा तिथे काय हक्क? मागच्या महिन्यात मात्र स्वतःहून म्हणाले, मला तिच्याजवळ ठेव."