पडद्यावरची चित्रं
तापलेल्या प्लॅस्टिकचा वास आला की माधवनगरचं आमचं घर आठवतं. नव्वदचं दशक सरत आलं होतं. मिरजेहून एक डॉक्टरीणबाई म्हाताऱ्या माणसांची स्मरणशक्ती तपासायला कॉम्प्युटर घेऊन घरी आल्या; तो तापला की तोच वास येई. गिरणीत जन्म घालवलेले माझे वडील धुतलेली टोपी घालून त्याच्यापुढे बसले. पडद्यावर चित्रं येत. आधी पाहिलेलं चित्र आलं की बटण दाबायचं. "आजोबा, नीट दिसतंय ना?" बाईंनी विचारलं. "व्हय, दिसतंय की," ते घाईनं म्हणाले, आणि चुकतच राहिले. निकाल वाईट आला. मी त्यांचं एकट्यानं बाहेर जाणं बंद केलं; पेठेत निघाले तर "वाट विसराल" म्हणत दारातून माघारी आणायची. वर्षभरानं कळलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. नीट दिसत नाही हे परक्या बाईसमोर सांगायची त्यांना लाज वाटली होती. ऑपरेशन झाल्यावर ते पेपर घडाघडा वाचू लागले, वाचलेलं दुसऱ्या दिवशी सांगू लागले. मी म्हणाले, "दादा, आता जावा की फिरायला." ते उठले नाहीत. "आन् वाट इसरलो तर? तूच म्हनायचीस न्हवं?" त्यानंतर ते एकटे कधीच उंबऱ्याबाहेर गेले नाहीत. आज मी त्यांच्या वयाला आले आहे. डॉक्टरीणबाईंनी एकदा तरी "दिसतंय ना?" म्हणून विचारलं होतं. मी वर्षभरात तेवढंही विचारलं नाही.