धोतऱ्याचं इंजेक्शन

माझा स्वभाव पहिल्यापासून संशयी. गवळी दूध मोजायला लागला की मी मापाचा तळ हातानं चाचपून बघणारी बाई. तेव्हा चाकणच्या नव्या डॉक्टरवर मी डोळे झाकून विश्वास टाकीन, हे शक्यच नव्हतं.

पन्नासच्या दशकाची अखेर होती. वांग्यावरच्या किडीसाठी कसलंसं नवं जहाल औषध निघालं होतं. आमचे मालक उघड्या अंगानं सकाळभर ते फवारत होते. घरी आले तेव्हा तोंडातून लाळ गळत होती, अंग घामानं निथळत होतं आणि डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या. सासूबाईंनी घाईनं कडुनिंबाचा पाला आणला. साप चावला की आमच्याकडे हीच परीक्षा. पाला कडू लागला तर विष चढलेलं नाही, नाही लागला तर चढलं.

"कडू हाय," मालक म्हणाले.

"मग इख न्हाई. ऊन लागलंय," म्हणून सासूबाई निवांत झाल्या. आणि पाणी प्यायला उठलेले मालक ओट्यावरून खाली कोसळले.

बैलगाडीतून चाकणला नेलं. डॉक्टर तरुण, मिसरूडही धड न फुटलेला. छातीला नळी लावताच त्याचा चेहरा उतरला. "हृदय मंद झालंय, कधीही थांबेल," म्हणाला आणि लागला टोचायला. एक सुई झाली, दुसरी झाली, तरी थांबेना.

"कसलं टोचताय एवढं?"

"विषावरचा उतारा आहे. सशांवर प्रयोग झालेत. माणसाला एवढं मी पहिल्यांदाच देतोय."

घ्या! म्हणजे माझं कुंकू याच्या प्रयोगाला!

बघता बघता मालकांचं तोंड लालबुंद झालं, बाहुल्या मोठ्या झाल्या. ते काहीबाही बरळत हवेतले धागे ओढू लागले. सासूबाईंनी बरोबर आणलेला पाला त्यांच्या तोंडात कोंबला. "कडू लागतोय का रं?"

"न्हाई... माती..."

झालं! सासूबाईंनी हंबरडा फोडला. "इख चढलं! धोतरा घातलाय ह्या मुडद्यानं! गाडी जुंपा, लेकाला घरी न्या!"

धोतरा खाल्लेला माणूस मीही पाहिला होता, अगदी असाच. मी डॉक्टरचं मनगट धरलं. "खरं सांगा, धोतराच हाय न्हवं?"

"त्याच जातीचं आहे. त्यानं तोंड सुकतं, चव जाते, पण हृदय चालू राहतं. आत्ता नेलंत तर वाटेतच जातील."

"मग आदी तुमी घ्या. त्यास्नी दिलं तेवढंच."

तो संतापला. पण बाहेर बैल गाडीला लागले होते. त्यानं मालकांना एक सुई दिली आणि तेवढंच स्वतःच्या दंडात टोचून घेतलं. मी एका हातात त्याची नाडी धरली, दुसऱ्या हातात मालकांची. थोड्या वेळानं त्याची नाडी घोड्यासारखी उधळली. मी पाला पुढे केला. त्यानं चावला, पण थुंकायलाही ओल नव्हती तोंडात. "काही चव नाही," तो कसाबसा म्हणाला.

मी दारातून ओरडले, "बैलं सोडा! ह्यास्नी बी कडू लागंना!"

परत येऊन मालकांचं मनगट धरलं, तर नाडी पुन्हा बसायला लागली होती. डॉक्टरनं सुई हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली, मग लांब धरली. "बाई, मला रेघा दिसत नाहीयेत. या औषधानं जवळचं अंधुक होतं. तुम्हीच भरा. दुसऱ्या रेघेवर थांबा."

आली का पंचाईत! कंपाउंडर खेडला गेलेला, दवाखान्यात दुसरं चिटपाखरू नाही. ज्याला मी विष म्हणत होते, ते आता मीच मोजायचं. दुसऱ्या रेघेवर थांबले. डॉक्टरनं चाचपून टोचलं. माझ्या बोटांखाली मालकांची नाडी हळूहळू वर आली आणि मला रडू फुटलं.

सासूबाई दारातच उभ्या होत्या. "काय भरलंस गं त्यात?"

"धोतरा," मी म्हणाले. खोटं कशाला बोलू?

त्यांनी लेकाचा हात माझ्या हातातून काढून घेतला.

मालक वाचले, पुढे भरपूर जगले. पण सासूबाई होत्या तोवर, मी वाढलेल्या ताटातला पहिला घास त्या स्वतः खाऊन बघायच्या आणि मगच ताट लेकापुढे सरकवायच्या.