दोन्या ओब्दुलियासकट घर

लेआंद्रो एसिखा गावचा. जुन्या सोफ्यांना, खुर्च्यांना नवे कापड चढवणे हा त्याचा धंदा. कोणाच्याही घरी गेला तरी तो खुर्चीची कड आधी अंगठ्याने दाबून पाही आणि मगच टेके. जुलैच्या रणरणत्या दुपारी एसिखात कुत्रेसुद्धा रस्ता ओलांडत नाही. तिथे जन्म काढलेल्या या माणसाने सक्तीच्या लष्करी सेवेत, ऐन विशीत, आमच्या कादिस शहराचा समुद्र पाहिला आणि तेव्हापासून एकच ध्यास घेतला. म्हातारपणी इथे लहानसे का होईना, पण घर हवे. पुढे बायकोला, एन्कार्नाला, दमा जडला. उन्हाळ्यात तिचा जीव घुसमटू लागला, तशी ध्यासाला निकडही आली.

पण कादिसमधली घरे त्याच्या आवाक्यात कुठून येणार? आवाक्यात आले ते एकच, माझ्या वरच्या मजल्यावरच्या म्हातारीचे, जिला सगळे मानाने दोन्या ओब्दुलिया म्हणतात. ते स्वस्त होते, कारण ते तिच्यासकट विकायचे होते. पैसे आज द्यायचे, कागद आज करायचे, आणि राहायला यायचे ते ती गेल्यावर. मूलबाळ नसलेली पुष्कळ म्हातारी माणसे आमच्याकडे असे करतात. तिच्या घराची किल्ली माझ्याकडे असे, म्हणून पहिल्या भेटीला मीच त्याला वर घेऊन गेले.

"माझी आई एकशे दोन वर्षं जगली," ओब्दुलियाने तो बसायच्या आतच सांगून टाकले. ती स्वतः सत्त्याऐंशीची. "शेवटपर्यंत आपले मासे आपण तळायची. नीट विचार कर, पोरा."

"तुम्ही त्याहून जास्त जगा, दोन्या ओब्दुलिया."

"खोटारडा! पण वळण चांगलं आहे हो."

दुसऱ्या खेपेला तो एन्कार्नाला घेऊन आला, आणि सोबत एसिखाच्या मठात नन्स करतात त्या अंड्याच्या बलकाच्या मिठाईचा डबा. ओब्दुलियाने झाकण उघडले, वास घेतला आणि माझ्याकडे पाहिले.

"कासिल्दा, याला माझ्या मधुमेहाबद्दल तू सांगितलं नाहीस? अरे, आधी कागद तर होऊ दे! आत्तापासूनच कामाला लागलास?"

ती खो खो हसली. मीही हसले. एन्कार्ना हसली नाही. जिन्यात तिने नवऱ्याचा दंड धरला.

"ऐकलंस? उद्या तिला काही झालं तर अख्खी गल्ली हेच म्हणेल."

"थट्टा केली गं तिनं."

"तिची थट्टा होते, बोलणी आपल्याला खावी लागतील. आणि घर घेऊन मी करू काय? पंख्याखाली पडून एका म्हातारीच्या मरणाची वाट बघू?"

ईस्टरनंतर नोटरीकडे जायचे ठरले होते. जसजसा दिवस जवळ आला तसतसे त्याचे कामातले लक्ष उडाले. एका दवाखान्याच्या सगळ्या खुर्च्यांना त्याने कापड उलटे चढवले आणि पदरमोड करून पुन्हा शिवून दिले.

त्यातच एका रविवारी तो टेप घेऊन आला. स्वयंपाकघराची मापे घेऊन जा, असे म्हणून ओब्दुलियानेच बोलावले होते. पण आदल्या दिवशीपासून ती तापाने फणफणली होती. आतून तिचा खोकला ऐकू येत होता. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. लेआंद्रोने विचारले, "छातीत उतरलंय का? म्हणजे, या वयात..."

त्यांना तो तिचा मुलगा वाटला. "घाबरू नका. तुमची आई चांगली भक्कम आहे."

तो खाली माझ्याकडे आला. मी कॉफी ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा तो खुर्ची न चाचपता बसला.

"दोन्या कासिल्दा, भक्कम आहे म्हणाल्या ना, तेव्हा माझं मन खट्टू झालं. एकच क्षण. पण झालं. मी नाही घेत हे घर. आज एक क्षण झालं, आणखी दहा वर्षांनी मी कोण झालेला असेन?"

"हे तिला तूच सांग," एवढेच मी म्हटले.

ताप उतरल्यावर तो एन्कार्नासह आला आणि त्याने काही न लपवता सांगितले, खट्टू झाल्याचेसुद्धा. ओब्दुलियाचा संताप मी इतक्या वर्षांत तसा पाहिला नव्हता.

"म्हणजे तुझं मन निर्मळ राहावं म्हणून मी न्हाणीघरात घसरून एकटी पडून राहू? हे पैसे आले तर मला सोबतीला बाई ठेवता येईल, कळतंय का तुला? तुझ्याआधी एक गृहस्थ येऊन गेला. खोलीभर फिरला, माझ्या गोळ्यांच्या बाटल्या वाचल्या. माझ्याकडे एकदासुद्धा बघितलं नाही. तू नाही म्हणालास तर तो टपलेलाच आहे."

"पण तुम्हाला माझी भीती नाही वाटत?"

"वाटते. पण तुला स्वतःची वाटते तेवढी नाही. माझ्या मरणाची वाट कुणीतरी बघणारच आहे ना? मग ती लाजणाऱ्यानं बघावी."

लेआंद्रो एन्कार्नाकडे पाहू लागला. ती खिडकीशी उभी होती. तिथूनच तिने विचारले, "जी बाई ठेवाल, तिला बिनसाखरेचं काही करता येतं का? नाहीतर मी सांगेन तिला."

ईस्टरनंतर सह्या झाल्या.

याला आता दोन वर्षे होत आली. दर रविवारी लेआंद्रो मला फोन करतो. ओब्दुलियाचे नाव तो कधी काढत नाही. विचारतो ते वाऱ्याबद्दल, "पूर्वेचा सुटलाय का हो?" मी वारा सांगते. मग न विचारताच सांगते की काल तिने सार्डिन मासे खाल्ले, सोबतीच्या बाईशी कडाकडा भांडली, जिना उतरून बेकरीपर्यंत गेली.

पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू येत नाही. त्या गप्प राहण्यात काय असते ते मला कळत नाही. ते निरखून पाहायची त्यालाही भीती वाटत असावी.

"बरं झालं," तो म्हणतो, जरा जास्तच मोठ्याने.