अळवाची वहिवाट

ज्यांनी आपल्या जमिनीसाठी पिढ्यान्‌पिढ्या वाट पाहिली, त्यांनाच भर सभेत वहिवाटीचा हक्क शिकवणारी बाई अख्ख्या न्यूझीलंडमध्ये एकच झाली, ती मी. आणि त्यावर पोट धरून हसणारी पहिली होती माझी कुंपणापलीकडची म्हातारी.

पुकेकोहे गावात आमच्या घरामागे सरकारची पडीक जमीन होती. कुणी फिरकत नाही असं बघून मी कुंपणापलीकडे हळूच अळू लावलं. आधी वडीपुरतं, मग गावातल्या सगळ्या मराठी मंडळींच्या फदफद्यापुरतं. म्हातारी त्या जमिनीच्या पल्याड राहायची. माओरी, सत्तरीची, आणि दारावरची बेल वाजवणं तिला परकेपणाचं वाटे. ती सरळ गवत तुडवत यायची, आधी जांडल्स, म्हणजे रबरी चपला, माझ्या अंगणात भिरकावायची आणि मग स्कर्ट खोचून कुंपण चढायची. पहिल्यांदा नाव विचारलं तर तिने आधी डोंगर सांगितला, मग नदी, मग पूर्वज कुठल्या होडीतून आले ते. नावापर्यंत पोचेस्तोवर माझा चहा उकळून काळा झाला. तुझी नदी कोणती, असं तिने विचारलं. मी मुठा म्हणाले, आणि पुढचं काही सांगावं लागू नये म्हणून घाईघाईने बिस्किटं पुढे केली. डबा रिकामा परत करायचा नाही, हे तिच्याकडेही होतंच. वड्या घेऊन गेलेला माझा डबा धुरी दिलेली वाम मासळी घेऊन यायचा, आणि शाकाहारी मी तो आठवडाभर उन्हात ठेवायचे.

मग बातमी आली, सरकार पूर्वी हिसकावलेली ती जमीन तिच्या लोकांना परत देणार. आमच्या घरांना कुणी हात लावणार नव्हतं, पण गल्लीत कुणी म्हणे किमती पडणार, कुणी म्हणे रस्ता बंद होणार. मला घराची नाही, अळवाची धास्ती. त्या लोकांनी शेजाऱ्यांना आपल्या सभास्थानी, मराएवर, बोलावलं. बाकीच्यांनी किया ओरा असा त्यांचा नमस्कार करून कुंपणाचं, कुत्र्यांचं विचारलं. मी उठले आणि ठणकावून म्हणाले, "आठ वर्षं तिथे मी पाणी घालतेय. आमच्याकडे याला वहिवाट म्हणतात." मग समोर बसलेल्या म्हातारीचं हसू फुटलं, आणि तिच्यामागून अख्ख्या सभेचं.

जमीन गेली, घरं होती तिथेच राहिली. पलीकडे आता त्यांचे कुमारा, म्हणजे आपली रताळी, आणि कडेला माझं अळू. म्हातारी जाऊन दोन हिवाळे झाले. कुंपणातलं फाटक वाऱ्याने आपटत राहतं. फ्लॅट बुश उपनगरातून लेक फोनवर बजावतो, आई, लॉक लाव, सेफ नाही. मी हो म्हणते आणि लावत नाही. कारण सभेच्या दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी कुंपण चढून आली, पायरीवर गुडघे चोळत बसली आणि म्हणाली, "जमीन आमची हं, पोरी. अळू तू लावत जा. फक्त इथे एक फाटक कर, आणि त्याला कडी घालू नकोस. मला आता चढवत नाही."