शेकड्यामागे एक रुपया

शेकडा तीन रुपये महिना व्याज ही लूट होती, असं माझं आजही मत आहे. इतकं सगळं होऊनही ते बदललेलं नाही.

जळगावात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. दुसऱ्याच्या दुकानात आठ वर्षं जळलेली तार उकलून मी ते उभं केलं होतं. उन्हाळ्यात व्होल्टेज पडलं की केळीच्या मळ्यांतले पंप धडाधड जळायचे. असोदा, भादली, नशिराबाद सगळीकडून मोटारी माझ्याकडे यायच्या. त्या वर्षी तांब्याचा भाव दर पंधरवड्याला चढत होता. संक्रांतीलाच तार भरून ठेवली तर उन्हाळ्यात दुप्पट सुटतील, हा माझा हिशोब होता आणि तो चुकला नाही. पण हातात पैसा नव्हता. बँकेचा साहेब म्हणाला, दोन जामीन आणा आणि तीन वर्षांचा हिशोब आणा. माझा हिशोब माझ्या डोक्यात होता. मी त्याला चार शब्द ऐकवून बाहेर पडलो.

मग अक्काकडे गेलो. माझी थोरली बहीण असोद्याला दिलेली. तिच्या दोन पाटल्या होत्या, चार तोळ्यांच्या, आमच्या आईच्या हातातल्या. तुळशीचं लग्न झाल्यावर तिच्या मुलीचं लग्न होतं आणि मुलीला चार तोळ्यांच्या पाटल्या घालू असा शब्द सोयऱ्यांना दिलेला होता. अक्काने त्या डब्यातून काढल्या, पदराला पुसल्या.

"लगनाच्या आंधी मले पाहिजेत भाऊ. बाकी काई नही."

"त्याच्या दोन महिने आधी आणून देतो."

जळगावच्या सराफांत गेलो असतो तर संध्याकाळपर्यंत असोद्यात बातमी पोचली असती, सोयऱ्यांच्या कानावर गेली असती. म्हणून मी पाचोऱ्याला गेलो. तिथे एक आबा होते. पुढे कापडाचं दुकान आणि आतल्या खोलीत गहाणवट. पांढरं धोतर, हळू बोलणं. माणूस सरळ म्हणून नाव होतं, आणि तो तसा होताही. खोटं कशाला लिहू.

आबांनी पाटल्या तोलल्या आणि म्हणाले, "सहा हजार. शेकडा तीन."

"दीड," मी म्हणालो.

"तुम्ही गिऱ्हाईक आहात की दरोडेखोर?"

"दरोडेखोर व्याज घेत नाही, आबा. एकदाच नेतो."

ते हसले. मी दोन तास बसलो. दोनदा उठून दारापर्यंत गेलो, एकदा तर चपलाही घातल्या. चहा झाला, शेजारचा पानवाला येऊन मजा बघत उभा राहिला. शेवटी आबा म्हणाले, "दोन. पण पक्की पावती मिळणार नाही. चिठ्ठीवर काम." कागदाच्या तुकड्यावर त्यांनी 'दोन नग' लिहिलं, खाली सहाचा आकडा आणि सही. मी ती चिठ्ठी खिशात घातली. रेल्वेत परतताना मला वाटत होतं की मी पाचोरा विकत घेतलं.

तसाच असोद्याला गेलो आणि अक्काला सगळं नकलेसकट सांगितलं. आबांचं धोतर सावरणं, माझं दारापर्यंत जाणं. ती पोट धरून हसली.

"एक रुपया पाडला? आन् आबानं ऐकलं?"

"ऐकणार नाही तर काय करतील?"

"माह्या भावाशी गाठ व्हती त्यायची," ती म्हणाली आणि मुलीला हाक मारून तिलाही ऐकवायला लावलं.

तारेत पैसा झाला. पण गावोगाव उधारीत तो अडकला, कारण केळीला उठाव नव्हता आणि ज्याची केळी मळ्यात उभी तो मोटारीचे पैसे कुठून देणार. तरी मी इकडून तिकडून ओढून भादव्यात सहा हजार नऊशे साठ रुपये जमवले आणि पाचोऱ्याला गेलो. मुद्दल आणि आठ महिन्यांचं व्याज, एक पैसा कमी नाही.

आबा म्हणाले, "किल्ली मुलाकडे आहे. परवा या."

परवा गेलो. मुलगा गावाला गेला होता. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा त्यांनी चहा मागवला, आणि तो न पिता तसाच ठेवला. मला कळलं, पाटल्या तिथे नाहीत. मी गादीजवळचा कापडाचा तागा उचलला आणि रस्त्यात भिरकावला. लोक जमले. आबा जागचे हलले नाहीत.

"तीनने ठेवला असता तर तुमचा माल माझ्या तिजोरीत राहिला असता," ते म्हणाले. "दोनमध्ये मला परवडत नव्हतं. म्हणून मी तो पुढे धुळ्याला सराफाकडे ठेवला, माझ्या इतर मालाबरोबर. त्याच्याकडून सव्वाने पैसे मिळायचे. मधला पाऊण माझा. सगळेच असं करतात."

"मग सोडवून आणा."

"माझीच वसुली थांबली आहे. त्याचे पैसे मी देऊ शकलो नाही." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "त्या दिवशी तुम्ही उठून गेला असता तर बरं झालं असतं. मी दोनदा वाट पाहिली, जाताय म्हणून."

मी त्याच दिवशी चाळीसगावमार्गे धुळ्याला गेलो. सराफाच्या पेढीवर एक म्हातारा मुनीम होता. त्याला चिठ्ठी दाखवली. त्याने ती उलटसुलट करून परत दिली.

"हाई आमनी चिठ्ठी नही शे, भाऊ."

"माल तुमच्याकडे आलाय. दोन पाटल्या, आतल्या बाजूला वेलीची नक्षी."

"पाचोराना माल ना?" त्याने वही चाळली. "तो बठ्ठा गाळाई गया. मुदत सरी गयी व्हती."

सगळा माल वितळवून त्यांनी लगडी केल्या होत्या. तरी मी घासाघीस सुरू केली. सवयच ती. लगडी तरी दाखवा म्हणालो, त्यातले चार तोळे मी आजच्या भावाने घेतो, वर शंभर जास्त देतो. तो माझ्याकडे असा पाहत होता की मी मध्येच चिठ्ठी घेऊन उठलो. पोलीस चौकीत हवालदाराने चिठ्ठी वाचली आणि विचारलं, "दोन नग म्हणजे काय? वांगी?" पक्की पावती असती तर त्याला तक्रार लिहून घ्यावी लागली असती. ती मी स्वतःच सोडली होती.

असोद्याला जायला मला चार दिवस लागले. अक्का ओट्यावर शेंगा फोडत होती. म्हणाली, "आनल्या का?" मी सगळं सांगितलं, यावेळी नकला न करता. तिने शेंगा फोडणं थांबवलं नाही. शेवटची शेंग फोडून म्हणाली.

"तू रुपया पाडला सांगत व्हता, तव्हा मीबी हासली व्हती."

एवढंच. मला शिव्या हव्या होत्या. मी तयारी करून गेलो होतो, उलट उत्तरं जुळवून ठेवली होती.

ज्यांच्याकडून पैसे ओढून आणले होते त्यांनी तगादा लावून बहुतेक परत नेले, आणि उरलेल्यांत जेमतेम दीड तोळा आला. त्याच्या पातळ बांगड्या केल्या. सोयऱ्यांनी मांडवात त्या पाहिल्या, काही बोलले नाहीत आणि लग्न लागलं. बोलले ते नंतर, सहा वर्षं. भाचीने भाजीत मीठ जास्त टाकलं तरी मामाच्या पाटल्या निघायच्या. हे मला तिने कधी सांगितलं नाही, गावाकडून कळायचं. आबांना मारावं म्हणून मी एकदा पाचोऱ्याला गेलो, तर दुकानाला कुलूप होतं. मुलगा सुरतेला निघून गेला होता आणि आबा मंदिराच्या पायरीवर बसले होते. त्यांनी मला ओळखलं, सरकून जागा दिली. मी बसलो नाही. मारलंही नाही.

सहा वर्षांनी चार तोळ्यांच्या पाटल्या केल्या, सराफाने सांगितलेल्या भावाने, एक शब्द न बोलता. भाचीच्या घरी नेऊन दिल्या. तिच्या सासूने शेजारच्या सराफाला बोलावून माझ्यासमोर त्या कसाला लावल्या, मग कपाटात ठेवून किल्ली कमरेला खोचली. भाची स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या हातात त्याच पातळ बांगड्या होत्या, झिजून तारेसारख्या झालेल्या.

त्या एका रुपयाने माझे आठ महिन्यांत चारशे ऐंशी रुपये वाचले. हा आकडा मला कोणी विचारलेला नाही.

अक्का कधीमधी जळगावला येते, दवाखान्यासाठी. तिथून परतताना आम्ही बाजारातून जातो. मी एखाद्या भाजीवालीशी मेथीच्या जुडीवरून भाव पाडायला लागलो की ती थांबत नाही. पिशवी सावरत पुढे चालू लागते, आणि मी जुडी घेऊन गर्दीत तिला शोधत राहतो.