गाबोळी कोणाच्या हातची

तलावाकाठच्या त्या दोघा भावांच्या खाणावळीत लोक लांबून गाबोळी, म्हणजे माशाची अंडी, खायला येत आणि जाताना धाकट्याची पाठ थोपटून जात. गाबोळी करायचा थोरला. पण तो पडला मुखदुर्बळ, आणि धाकट्याच्या जिभेला हाड नव्हतं.

पहाटे गळ टाकून मासे धरायचे ते थोरल्यानंच. भरलेली मादी तो हातात येताच ओळखी. शेपटीकडून सुरीचं नुसतं टोक घालायचं, पुढचं काम बोटांनी, कारण काळजाजवळची पित्ताची हिरवी पिशवी फुटली की सगळं कडूजहर. गाबोळी मिठाच्या पाण्यात ठेवायची, सुईनं पापुद्र्याला भोकं पाडायची, मंद आचेवर उकडायची, गार झाली की बोटभर जाडीचे काप तळायचे. चाळीस वर्षांत त्याच्या हातून एकदाही पित्त फुटलं नव्हतं. धाकट्यालाही त्यानं शिकवायला घेतलं होतं. दोन दिवसांत हाताला वास येतो म्हणून तो गिऱ्हाइकांत जाऊन बसला, तो बसलाच.

त्या दुपारी नेहमीचे वकीलसाहेब पाहुणे घेऊन आले. वाढपी जेवत होता, म्हणून थोरलाच पाण्याचा जग घेऊन बाहेर गेला. धाकटा रंगात येऊन सांगत होता की ही हातोटी आईनं त्याला शेवटच्या आजारात दिली. आई! तिनं जन्मभर गाबोळी मांजरापुढे टाकली. थोरल्याला हसूच येणार होतं, तेवढ्यात एका पाहुणीनं त्याच्याकडे बघून विचारलं, हे कोण?

"तो होय? मासे साफ करतो आमच्याकडे," धाकटा म्हणाला.

ज्याला खांद्यावर बसवून हा तलाव दाखवला, तो सख्खा भाऊ. थोरला आत आला तेव्हा त्याच्या अंगाची लाही लाही होत होती. त्यानं सगळ्यात मोठी मादी घेतली, चिरली आणि सुरीच्या टोकानं पित्ताची पिशवी मुद्दाम गाबोळीवर फोडली. धुतलीसुद्धा नाही. तशीच उकडली, तळली, पाठवून दिली. चारचौघांत एकदा फजिती होऊ दे याची. धावत आत येऊ दे, "दादा, आज तुझा हात कसा चुकला?" म्हणून ओरडू दे. निदान हात कोणाचा ते तरी सगळ्यांना कळेल.

तो दाराआड उभा राहिला. पहिल्या घासाला पाहुणीच्या कपाळावर आठी पडली. धाकट्यानं तिच्या ताटातला एक काप स्वतःच्या तोंडात टाकला. तोंड जराही वाकडं केलं नाही.

"ही खास कडसर चव," तो म्हणाला. "रोज नाही जमत."

वकीलसाहेबांनी जाणत्यासारखी मान हलवली. मग सगळ्यांनीच हलवली. प्लेट चाटूनपुसून साफ झाली.

धाकट्यानं दारातून डोकं आत घातलं.

"दादा, अजून दोन प्लेट," तो म्हणाला. "अगदी अशीच कर."